बेडकाचा सिनेमा

१२ जून १९८३, लातूर

आलो बाई एकदाचे! बिलोलीपासून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण घर पाहून शीण गेला. जिल्हा नवा, ह्यांचं ऑफिस नवं, आम्हीही नवे. पावसाचा पत्ता नाही. सगळी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघते. आमच्या घरमालकीण रत्नम्माबाईंच्या अंगणातल्या आडाला मात्र थोडं का होईना, पाणी आहे. नशीबच म्हणायचं!

बाई एकट्याच असतात. आमच्या लेकीला, गोदीला पाहून विरघळल्या. ट्रंकेतून त्यांच्या लेकीचं, नागम्माचं खेळणं काढून दिलं. पत्र्याची डबी आहे. एक डोळा भोकाला लावून दांडी फिरवली की आत कार्टूनचा सिनेमा हलतो. छत्रीवाला बेडूक उड्या मारत विहिरीकडे जातो, बस्स. गोदी खिदळते नुसती. नागम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेली म्हणे. मी पुढं विचारलं नाही.

१७ जून

गोदी जेवायलाही उठेना, म्हणून डबी काढून घेतली. दुपारी पोहरा तळाला खडखडला. रत्नम्माबाई म्हणाल्या, "फिरवू द्या की लेकराला. पाणी लागंल तेवढं न्या." डबी परत दिली आणि दिवेलागणीला पोहरा भरून वर आला! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

२१ जून

पावसासाठी गल्लीनं धोंडी काढली. गोदीच धोंडी. तिच्या अंगाला लिंबाचा पाला मीच बांधला. दारोदार बायकांनी तिच्यावर पाणी ओतलं आणि मी आपली मिरवले. रत्नम्माबाई ढसाढसा रडल्या.

संध्याकाळी डबीत पाहिलं. बेडकामागं पाला बांधलेली एक पोरगी चालते आहे. आधी नव्हती. रत्नम्माबाईंनी डोळा लावला नि म्हणाल्या, "आमची नागम्मा हाय ती. तिलाबी धोंडी केलं होतं."

२२ जून

बिलोलीला परत जाऊ म्हटलं. हे म्हणाले, तिथं पाणी कोण देणार? मी चिडले, भांडले. पण खरं लिहायचं तर आधी मीही रांजण भरून घेतला. लाज वाटते स्वतःची.

२४ जून

गोदी नाही. अंथरुणात पाला. नुसता पाला—

हे चौकीवर गेले. आडात गळ टाकला, काही लागलं नाही. मग डबी डोळ्याला लावली.

दोघी आहेत. नागम्मानं गोदीचा हात धरलाय. अंगात मी शिवलेलं परकर-पोलकं.

२४, दुपार

दांडी फिरत असली की दोघी चालतात. थांबली की गोदी विहिरीत वाकते. नागम्मा तिला आत ओढते.

रत्नम्माबाई आत्ता सांगतात! बहात्तरला नागम्मा अशीच डबीत गेली. त्या फिरवत बसल्या. दमून डोळा लागला. सकाळी आडात पोर तरंगत होती. "मला वाटलं होतं, तुमची गेली की माझी सुटंल," म्हणाल्या. मेली, जिभेला हाड नाही!

२५

आड काठोकाठ. गल्ली घागरी घेऊन अंगणात. मला म्हणतात, "फिरवा बाई, थांबू नका." माझ्या लेकीचं कुणी विचारत नाही. हेसुद्धा रांग लावून देताहेत. हे—

उजवा हात बधिर. दांडी डाव्या हातात घेते. गोदे, वाकू नको गं, आई हात बदलते—