वच्छलाच्या पदरात

२ जानेवारी १९८९
आले एकदाची सासरच्या गावाला! सावली या तालुक्याच्या गावापासूनच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण अंगणात पाय ठेवला आणि शीण पळाला. आठवा लागलाय, चंद्रपूरच्या बिऱ्हाडात पाहायला कोणी नाही, म्हणून यांनी मला धाकट्या जावेकडे, वच्छलाकडे, बाळंतपणाला आणून सोडलं. स्वतः मात्र रजा नाही म्हणत आल्या पावली परतले, नेहमीप्रमाणे! देवाजी भावजी धानाच्या खळ्यावर असतात. वच्छलाने अंघोळीला पाणी तापवलं, तांदळाची भाकर केली, माझे पायसुद्धा चेपले. इतके लाड आईनेही केले नव्हते.

७ जानेवारी
कुठेतरी लिहायलाच हवं. हे बाळ यांचं आहे, पोट माझं आहे, पण बीज वच्छलाचं आहे. माझ्यात बीज तयारच होत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसऱ्या बाईचं चालेल म्हटलं, तेव्हा ती एका शब्दात तयार झाली. दोन पोरांनंतर तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय. मले त्याचं आता काय कराचं आहे, म्हणाली. आम्हा चौघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. गावाला सांगितलंय, नवसाचं आहे. पण तिच्या पोरांची तोंडं पाहिली की मी माझ्या पोटावर पदर ओढून घेते. वेडी कुठली!

१२ जानेवारी
आज माझी ओटी भरली. चुलत सासू बायनाबाई आणि शेजारच्या बाया आल्या होत्या. शेवटी वच्छला पाया पडायला वाकली आणि मला एकदम भरून आलं. हिचे उपकार कसे फेडू? तांदूळ, खोबरं, हळकुंडं, सगळी ओटी तिच्या पदरात घातली आणि म्हणाले, "घे वच्छला, हे तुझंच आहे."
तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. बायनाबाईंचा चेहरा उतरला. मागाहून मला परसात नेऊन रागावल्या. पोटुशीने आपली ओटी दुसरीच्या पदरात रिकामी करायची नसते म्हणे, पोटातलंही तिकडे जातं. मी शाळामास्तरीण, मला हसूच आलं.

१३ जानेवारी
वच्छलाने त्याच तांदळाचा भात केला. कोणाला वाढला नाही. एकटीने खाल्ला.

१६ जानेवारी
ती जवळ आली की बाळ फिरतं. आज ती वावरात गेली आणि पोट गप्प झालं. दुपारी ती अंगणात शिरली, तशी दाराच्या बाजूला लाथ बसली. योगायोग असेल. असेलच.

१९ जानेवारी
वच्छलाला चिंच हवी असते. कमरेवर हात ठेवून चालते. बाया तिची थट्टा करतात. मला भीती वाटते.

२१ जानेवारी
तिची चोळी ओली होती. दूध. तिचं धाकटं पोर शाळेत जातं!
विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "मी काहीच नाई करून राह्यली, बाई. आपोआप येऊन राह्यलं."
बिचारी रडत होती. पण हात स्वतःच्या पोटावर होता.

२२ जानेवारी
मी चंद्रपूरला परत निघाले. भावजींनी बैलगाडी जुंपली. गावाची शीव ओलांडली आणि बाळ थांबलं. हलवलं, थोपटलं, हाका मारल्या— काही नाही. मीच ओरडून गाडी फिरवायला लावली. वच्छलाचं दार दिसलं आणि ते उसळलं. जीव वाचला त्याचा. माझ्यामुळे नाही.

२४ जानेवारी
लुगडं सैल होतंय. पोट उतरलंय— कालपेक्षा आजच. भावजी सावलीला डॉक्टर आणायला गेलेत. वच्छलाचा पदर पुढे आलाय— मी पाहिलं— तिने झाकून घेतलं—

२५ जानेवारी
कळा सुरू झाल्या. मला नाही. तिला.
सगळ्या बाया तिच्या खोलीत. दार लावून घेतलंय. मी ठोठावते, कोणी उघडत नाही. इतके महिने माझं रक्त खाऊन वाढलंय ते— माझं आहे— मी दिलं नव्हतं, मी फक्त ओटी—
पोट मऊ. रिकामं. हात आत जातोय—
रडलं. पलीकडे रडलं.
दार उघडलं. बायनाबाई हसताहेत. मला बाळाची काकू करून टाकलं— म्हणतात, "चाल वो, पोराले पाह्याले. मोठी आई झालीस तू."
नाही— मी त्याची आई— नुसती आई— त्यांना सांगा कोणीतरी, मी—