पाडावयाच्या बांधकामाचा बाण आत्याच्या खोलीवरून हटविणेबाबत

प्रति,
मा. बांधकाम परवानगी अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

विषय : मंजूर स्थळ नकाशावरील एक बाण चुकून आत्याच्या खोलीवर गेल्यामुळे, खोली पाडण्याची निघालेली नोटीस रद्द होणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) आपली नोटीस, मुदत दिनांक १८ पर्यंत.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, जे आपल्या विभागात सुखरूप असल्याचे समजते.

महोदय,

१. अर्जदार गेली एकतीस वर्षे लोकांच्या घरांचे नकाशे काढून त्यांवर मापे आणि टिपा लिहिण्याचे काम करतो. चार रेषा कुणीही ओढील. पण भिंत किती लांब, दार कुठे, उत्तर कुठे, काय ठेवायचे आणि काय पाडायचे, हे लिहिल्याशिवाय गवंडी कुदळ उचलत नाही आणि आपला विभाग शिक्का उचलत नाही. एकतीस वर्षांत अर्जदाराने लिहिलेल्या मापावर कुणी बोट ठेवलेले नाही, हे तो सविनय आणि थोड्या तोऱ्यात नमूद करतो. हा तोरा पुढील परिच्छेदांत उतरेल.

२. अर्जदाराच्या घरात त्याची आत्या राहते. खरे सांगायचे तर घर आत्याचे आहे आणि अर्जदाराला तिने ठेवून घेतले आहे. आईवडील गेल्यावर चार वर्षांच्या अर्जदाराला तिने वाढवले, तेही शिवणयंत्राच्या जोरावर. आज तिचे वय एकोणऐंशी. तिची खोली तीन मीटर बाय तीन मीटर साठ, भिंत नऊ इंची, खिडकी पूर्वेला आणि खिडकीखाली यंत्र. अर्जदार टेप धरायला शिकला तो याच खोलीत, गिऱ्हाइकांच्या कमरेभोवती. अलीकडे गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे आत्याला मागच्या आवारातील न्हाणीघरापर्यंत जाणे जड जाते. अंतर चौदा मीटर वीस. अर्जदाराने ते मोजले आहे, आत्याने भोगले आहे. म्हणून तिच्या खोलीला लागून असलेली गंजकी पत्र्याची शेड पाडून तिथे नवे न्हाणीघर बांधायचे, एवढाच काय तो बेत होता.

३. नकाशा पहिल्यांदा दाखल केला तेव्हा खिडकी क्रमांक चारवरील लिपिकांनी तो पाहिला आणि अक्षरे मुंगीएवढी आहेत म्हणून परत केला. पाहताना त्यांचा चष्मा कपाळावर होता, ही गोष्ट अर्जदाराने तेव्हा बोलून दाखवली नाही. घरी येऊन त्याने संगणकावर सगळी अक्षरे एका झटक्यात दुप्पट केली. रेषा जागच्या जागी राहिल्या. अक्षरे मात्र फुगली आणि एकमेकांच्या अंगावर चढली. सांडपाण्याची टाकी मुख्य प्रवेशद्वारात घुसली, उत्तर दिशा शेजाऱ्यांच्या जिन्यावर जाऊन बसली. तेव्हा अर्जदाराने एकेक टीप हाताने बाजूला सारली. त्या रेटारेटीत 'पाडावयाचे बांधकाम' ही टीप शेडवरून ढळली आणि तिच्या बाणाचे टोक कागदावर पावणेदोन सेंटिमीटर, म्हणजे जमिनीवर साडेतीन मीटर, डावीकडे सरकून आत्याच्या खोलीच्या मधोमध स्थिरावले. तिथे तिची खाट आहे. आपल्या विभागाने हा नकाशा नऊ दिवसांत मंजूर केला. एवढी तत्परता अर्जदाराने एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

४. त्यानंतर मंजूर नकाशाप्रमाणे पाडावयाचे बांधकाम अजून उभे का, अशी नोटीस आली. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावरून पाहणी ठरली. पर्यवेक्षक आले, आत्याने त्यांना बसायला स्टूल दिले, प्यायला पाणी दिले. पाणी पिऊन त्यांनी अहवालात लिहिले की नकाशानुसार ही जागा मोकळी आहे, आणि सदर मोकळ्या जागेत एक खाट, एक कपाट, एक शिवणयंत्र व एक वृद्ध महिला आढळून आली. शिवाय मोकळ्या जागेत नियमाप्रमाणे झाड आढळले नाही, असा वेगळा ताशेरा होता. आत्याला वाटले, एवढ्या लांबून बिचारे येतात तर त्यांचे मन मोडायला नको. दुसऱ्या पाहणीला तिने कोरफडीची कुंडी खिडकीत आणून ठेवली. त्यावर 'वृक्षारोपण पूर्ण' असा शेरा पडला आणि खोली ही मोकळी जागा असल्याचे कागदोपत्री पक्के झाले.

५. दरम्यान, नकाशा मंजूर झाला या आनंदात अर्जदाराने शेड पाडून टाकली होती. आता नकाशावर शेडवर बाण नाही, म्हणजे शेड कायम ठेवायची होती. ती विनापरवाना पाडल्याबद्दल आणि पूर्ववत उभी करण्याबद्दल दुसरी नोटीस आहे. पत्रे भंगारवाल्याने नेले. ते परत मिळावेत म्हणून अर्जदार त्याच्याकडे जाऊन आला; त्याने अर्जदाराच्या तब्येतीची चौकशी केली.

६. बाणाची दुरुस्ती कशी होईल हे विचारायला अर्जदार खिडकी क्रमांक चारवर सात वेळा गेला. सातव्या वेळी उत्तर मिळाले. दुरुस्तीसाठी जागेवरची स्थिती मंजूर नकाशाबरहुकूम असावी लागते. लिपिक शांतपणे म्हणाले, "आधी खोली पाडा, पाडल्याचा फोटो जोडा. मग ती पाडायची नव्हती अशी दुरुस्ती लगेच करून देतो." अर्जदाराने कपाळाला हात लावला. लिपिकांचा दोष नाही, नियमात तसेच आहे. अर्जदाराने वाचून खात्री केली.

७. परवा अर्जदार घरी आला तेव्हा आत्या कपाट रिकामे करत होती. अर्धे कपडे गाठोड्यात बांधून झाले होते आणि यंत्रावर चादर पांघरलेली होती. अर्जदाराने हे काय चाललेय असे विचारले. ती म्हणाली, "या ऑफिसात तुझं रोजचं येणंजाणं. माझ्या एका खोलीपायी वाकडं घेऊ नकोस. माझी खाट स्वयंपाकघरात मावते, मी माप घेतलंय." ती झोपल्यावर अर्जदाराने स्वयंपाकघरात टेप लावून पाहिली. खाट मावत नाही, अकरा सेंटिमीटर कमी पडतात. उभ्या आयुष्यात आत्याचे माप चुकलेले नाही. ते तिने जाणूनबुजून चुकीचे सांगितले हे अर्जदाराच्या लक्षात आले आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाला ओट्यापाशी उभ्या उभ्या रडू आले. शासकीय अर्जात हे लिहीत नाहीत याची अर्जदाराला कल्पना आहे.

८. मागील तीनही अर्जांत दोष संगणकाला दिला होता. आत्यालाही तसेच सांगितले होते आणि तेव्हापासून ती संगणकाकडे रागाने बघते. तो आरोप मागे घेण्यात येत आहे. नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत 'रेखाटले' आणि 'तपासले' अशा दोन ओळी असतात. दोन्हींपुढे अर्जदाराचीच सही आहे. परक्याचे घर असते तर त्याने प्रिंट भिंतीवर लावून, लाल पेन घेऊन, एकेका बाणाचे टोक कुठे टेकते ते पाहिले असते. हे स्वतःचे घर. सगळ्या भिंती पाठ आहेत, त्यात काय बघायचे, असे म्हणून तो सही करून मोकळा झाला. चूक बाणाची नाही, अक्षरांची नाही, आपल्या विभागाचीही फारशी नाही. चूक अर्जदाराची आहे आणि तिची त्याला मनापासून लाज वाटते.

९. खिडकी क्रमांक चारवरील लिपिकांना शेवटी अर्जदाराची दया आली असावी. त्यांनी काल चष्मा डोळ्यांवर घेतला आणि अर्जदाराच्या नकाशे काढण्याच्या परवान्याच्या अटींतील एकविसाव्या कलमावर पेन टेकवून ते पान अर्जदाराकडे फिरवले. त्यात म्हटले आहे की परवानाधारक आरेखकाचा हलगर्जीपणा तक्रारीवरून सिद्ध झाल्यास त्याचा परवाना कायमचा रद्द होतो, आणि त्याच्या सहीचे जे नकाशे पूर्णत्वास गेलेले नाहीत ते, त्यांवरील नोटिशींसह, आपोआप रद्द ठरतात. तक्रार कोणी करायची याबाबत कलम गप्प आहे.

१०. सबब, अर्जदार स्वतःविरुद्ध ही रीतसर तक्रार दाखल करीत आहे. पुरावा आपल्याच दफ्तरी आहे. कबुली परिच्छेद आठमध्ये आहे. इतरांचे हाती असलेले अकरा नकाशे त्याने दुसऱ्या परवानाधारकाकडे सोपवले असून त्यांवर नव्या सह्या झाल्या आहेत, त्यामुळे कुणाचे घर अडणार नाही. आत्याचे न्हाणीघर मात्र या नकाशाबरोबर जाईल. ते पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने होईल; त्या वेळी अर्जदार फक्त टेपचे दुसरे टोक धरील. तरी दिनांक १८ पूर्वी अर्जदारास दोषी ठरवून त्याचा परवाना रद्द करण्याची कृपा व्हावी. पहिल्या तीन अर्जांना लागला तेवढा वेळ या अर्जाला लागू नये, एवढी एकच सवलत तो मागत आहे.

आपला नम्र, आणि आपण मनावर घेईपर्यंत परवानाधारक,

(सही)
आरेखक

दिनांक : १४

सोबत :
१) मंजूर नकाशाची प्रत, बाणाभोवती लाल गोल करून. हा गोल सहा आठवड्यांपूर्वी करायला हवा होता.
२) पर्यवेक्षकांचे दोन्ही अहवाल.
३) परवाना, मूळ प्रत. छायाप्रत काढून ठेवलेली नाही.

ता. क. : हा अर्ज फक्त बाण सरकवण्याबाबत आहे असे आत्याला सांगितले आहे. तिने त्यावर विश्वास ठेवून गाठोडे सोडले आहे. आपले कर्मचारी चौकशीला आल्यास त्यांनीही कृपया तिला तसेच सांगावे.