कळलावी घराबाहेर काढावी

बेला, ९ सप्टेंबर २०२५

आदरणीय नागेशमामांस,
मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

आपणांस आरोग्याविषयी लिहिणे माझ्या वयाला शोभत नाही, याबद्दल प्रथम क्षमा मागते. फोनवर माझे शब्द अडतात. म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवीत आहे.

आपल्या पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याला डॉक्टरांनी गाऊट म्हटल्याचे आईने सांगितले. जुन्या ग्रंथांत वातरक्ताचे वर्णन याच्याशी मिळतेजुळते असून त्यावर गुळवेल सांगितली आहे. परंतु तिचे प्रयोग मोजक्याच रुग्णांवर झाले आहेत, आणि काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. चेरीने त्रास कमी होतो असे काही अभ्यास सुचवतात; पण आपल्याकडे चेरी केवळ केकवर मिळते आणि तीही बहुधा पाकात मुरवलेले करवंद असते. तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे: घरात कळलावी आली असेल, तर तिला आजच बाहेर काढावे. दिसायला ती देखणी, पण अत्यंत विषारी. तिच्यामुळे माणसे दगावली आहेत. मामींनाही हे समजावून सांगावे.

आपला लोभ या आगाऊपणाने आटू नये, ही विनंती.

आपली भाची,
मैत्री

मावला, १२ सप्टेंबर

चि. मैत्रीस,
मामाचा जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या हुकमाची तामील केली. तहसीलीत माझा जन्म गेला, पण इतका रोखठोक कागद पाहिला नाही. मी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. कळलावीपाशी आलो अन् तुझ्या मामीची बहीण सोनाबाई हिच्या हातातली बशी थांबली. महिन्यापासून मुक्कामी होती. आल्यापासून शेजारच्या दोन सुनांनी चुली वेगळ्या केल्या, आमचा दूधवाला तुटला. सगळ्यांले ठाऊक, पण लिहायची हिंमत तूच केलीस. ‘देखणी’ तेवढं मन राखायले लिहिलंस, हे समजलो.

तिनं विचारलं, की कालच्या पोरीनं आपल्याले विषारी काऊन म्हणावं. मी म्हटलं, पोरगी मराठी शाळेतून पहिली आली हाय, चुकीचं लिहीनच कशी. झालं, पिशवी उचलून बेल्याच्या बसमध्ये बसली. तुझी मामी माझ्याशी बोलून नाही राह्यली; तुले तिनं ब्लॉक करून फोन स्वतःपाशी ठेवला. म्हणून हे पत्र कंडक्टरजवळ देतो. पण खरं सांगतो, बस हलली अन् अंगठ्याची ठणक निम्मी झाली. हा पुरावाही तुझ्या अभ्यासात घाल.

उरलेल्या दुखण्यासाठी इंद्रवेल्लीच्या बाजारातून खड्यानागाचा कंद आणला हाय. विकणारा म्हणे, फूल जाळासारखं, गाऊट जळून जातो. गोळ्या बंद केल्या. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की उपाशीपोटी पहिला डोज.

अशीच निर्भीडपणे लिहीत जा.

तुझा मामा,
नागेश

मावला, आपल्या घराची पायरी

आदरणीय मामा,
जयभीम. उरलेला शिष्टाचार नंतर.

कळलावी म्हणजे सोनाबाईमावशी नव्हेत. कळलावी ही वेल आहे, आणि खड्यानाग हे तिचेच दुसरे नाव आहे. गाऊटवरच्या एका गोळीतले द्रव्य तिच्यात असते, हे खरे. गोळीत ते मोजून घातलेले असते. कंदात कोणीही मोजलेले नसते. तो खाऊन माणूस मरतो. आपण विष घरात ठेवले आणि मेहुणीला बसमध्ये बसवले.

मावशी आमच्याकडेच उतरल्या होत्या. आपले पत्र ऐकल्यावर त्यांनी पहिल्यांदा हेच विचारले, की ठणक निम्मी झाली असे त्याने खरेच लिहिले आहे का. मग त्या माझ्या आधी बसथांब्यावर पोचल्या. त्यांचे म्हणणे, की हा मेला तर भांडायचे कोणाशी.

आता मामी दार उघडत नाहीत. मावशी ओरडून सांगत आहेत की कळलावी आत आहे. त्यावर मामी आतून विचारत आहेत, की आता मला म्हणतेस का. माझा आवाज दोघींच्या मध्ये कुठेही पोचत नाही, म्हणून लिहीत आहे.

कंद खाल्ला नसेल तर दार उघडावे. खाल्ला असेल तर लगेच उघडावे. ऑटो थांबवून ठेवला आहे, सरळ दवाखान्यात जाऊ. मामा, मला आपण हवे आहात.

आपली,
मैत्री

दाराखालून सरकवले: शनिवार, १३ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटे.