मामाला देऊन टाकीन

३ फेब्रुवारी, सोमवार
आज दौंडच्या मुलांच्या दवाखान्यात रुजू झालो. कुरकुंभच्या कंपनीत बावीस वर्षं पाळ्या केल्या. आता पन्नाशीला टेकल्यावर मुलांची भीती घालवायचं काम मिळालं, ही विठ्ठलाचीच कृपा. मानसतज्ज्ञ हर्षदा मॅडमनी त्याआधी आठवडाभर इथेच वॉर्डात शिकवलं. सुई टोचण्याआधी कापडी बाहुलीला टोचून दाखवायचं. मुलाला साबणाचे फुगे फुंकायला लावायचे, म्हणजे श्वास लांब होतो. ‘दुखणार नाही’ असं खोटं कधी म्हणायचं नाही.
मुलं मला चांगदेवमामा म्हणतात. पिंकी सहा वर्षांची, तिला साखरेचा आजार. सोबत आजी, सिंधूबाई. पिंकी बाहुलीला टोचते आणि वर तिलाच दटावते, उगी आता, झालं म्हणून. खोली दवाखान्याच्या मागेच मिळाली. देवघर मांडलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
भांडगावच्या गीताबाई चार वर्षांच्या रविराजला घेऊन आल्या. न्यूमोनिया. सलाईन बघून पोराने टाहो फोडला. मी बाहुली काढेपर्यंत गीताबाईंनी माझ्याकडे बोट केलं, ‘गप बस, न्हाईतर ह्या मामाला देऊन टाकीन.’
पोर जागीच गप्प झालं. नळ बंद करावा तसं.
मुलांना माझी भीती घालू नका, मॅडमनी तसं शिकवलंय, म्हणून मी समजावलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुमच्या मॅडमला सोताची पोरं हायेत का?

१२ फेब्रुवारी, बुधवार
रविराज घरी गेला. शुक्रवारपासून तो एक शब्द बोललेला नाही. जाताना रडला नाही, हसलाही नाही. गीताबाईंचा उपाय बघून आणखी तीन आयांनी तसंच केलं. तीन पोरं तशीच गप्प.
सकाळी देवापुढे नाम घेताना मी हळू टाळी वाजवतो. आज पाठीमागे कुणीतरी साथ दिली. लहान तळव्यांची टाळी. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं. देवाचा प्रसाद समजून हात जोडले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मी थांबलो तरी टाळी थांबत नाही. चौघांची आहे, मोजली. मांडीवर वजन बसतं. ताप असल्यासारखं गरम. दिसत काही नाही.
दुपारी भांडगावला गेलो. रविराज ओट्यावर होता. भरवलं की खातो, बसवलं की बसतो. डोळ्यांत कुणी नाही. गीताबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. सगळं सांगितलं आणि हात जोडून म्हणालो, एकदा तोंडाने म्हणा की परत घेतला. त्यांनी हातातलं काम सोडलं नाही.
‘आधी समदं घर डोक्यावर घ्यायचा. आता गुणाचा झालाय. दिलाय तो दिलाय, मामा. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.’
मग दार लावून घेतलं. त्यांना ठाऊक आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आता अकरा मुलांची टाळी. सिंधूबाईंना देवाची शपथ घातली, काही झालं तरी ते वाक्य बोलू नका. त्या हसल्या. म्हणाल्या, मामा, हिला कोन देतंय, रातीला माझ्या गळ्याची मिठी सुटत न्हाई तिची.
मॅडमना काम सोडतो म्हणालो. त्यांना वाटतं मी थकलोय. म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून वॉर्ड किती शांत आहे. चार दिवस रजा दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार
भर दुपारी खिडकीतून पिंकीचं ओरडणं ऐकू आलं. सुई नको म्हणत होती. सिंधूबाई दमलेल्या, आवाज चिरका. मी अनवाणी धावलो. जिन्यावर होतो तेव्हाच ऐकलं — मामाला देऊन —
पिंकी गप्प झाली.

२३ फेब्रुवारी
बाकीची नुसती टाळ्या वाजवतात. पिंकी रडते. माझ्या मांडीवर. आजीकडं जायचंय म्हणते.
सिंधूबाईंनी परत घेतली पाहिजे. वॉर्डात गेलो तर सगळ्या आया दारात आडव्या. ज्यांनी दिली त्याच. म्हणाल्या, पोरं खाणारा हाय ह्यो, करणी केली. एकीने चप्पल मारली. आतमध्ये पिंकी पलंगावर बसवलेली. सिंधूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ फेब्रुवारी
रडणं थांबत नाही. दोन दिवस. फुगे फुंकले, बाहुली दिली — थांबत नाही. नाम घ्यायला बसलो, माझाच आवाज मला ऐकू येईना.

दुपार
बोललो. तोंडातून गेलं. उगी राहा, नाहीतर देवाला देऊन टाकीन —
रडणं थांबलं.
टाळ्याही. सगळ्यांच्या.
मांडी हलकी झाली.

वॉर्डाकडून हंबरडा — सिंधूबाईंचा. आता दुसरा. तिसरा. फोन वाजतोय, भांडगावचा नंबर —
विठ्ठला, मी नुसतं बोललो. सगळे बोलतात तसं. मी दिली नाहीत. मी परत घेतो, सगळी परत घे