लक्ष्मणफळाचा काढा

प्रिय ढमे,

तुझा फोन आला की बाबा कान टवकारून शेजारी येऊन बसतात, म्हणून हे लिहून पाठवतेय.

अंगणातलं लक्ष्मणफळ यंदा लगडलंय. सरबत करून शेजारीपाजारी वाटलं. कपड्यांना कसर लागू नये म्हणून पानं कपाटात ठेवली, तर आता माझ्या अंगालाही तोच उग्र वास येतो. तू नाक मुरडायचीस ना, चिरडलेल्या ढेकणासारखा येतो म्हणून!

पण झाडाच्या खालच्या फांद्या पार ओरबाडल्या गेल्यात. मागे तू एक मेसेज पाठवला होतास, या पानांचा काढा कॅन्सरवर रामबाण आहे म्हणून. वर लिहिलं होतंस, 'बाबा, आपलं झाड बघा किती हुशार!' तू गंमत म्हणून ढकललास आणि विसरलीस. बाबांनी मात्र तो उराशी धरला. जन्मभर वायरिंग केलेला, टेस्टर लावल्याशिवाय बायकोवरही विश्वास न ठेवणारा माणूस! पण लेकीनं पाठवलंय म्हटल्यावर संपलंच.

तुला ठाऊक नव्हतं गं. त्याआधीच त्यांच्या पोटात गाठ निघाली होती, कॅन्सरची. पोरीला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. दोन इंजेक्शनांनी उलट्या करकरून बेजार झाले होते, त्यात तुझा मेसेज आला. दवाखाना बंद, काढा सुरू. मी भांडले, रडले, पातेलं लपवलं, काकांना मध्ये घातलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तुला सांगून त्यांना समजवायला लावावं, असं रोज वाटायचं. पण मध्ये त्यांना जरा भूक लागायला लागली आणि मीही भुलले. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय? मीच पानं तोडून द्यायला लागले.

काल एकटीच डॉक्टरीणबाईंना भेटून आले. आता उपचारांची वेळ गेली म्हणाल्या, फार दुखू नये एवढंच बघायचं. मला काही सुचत नाही गं. तू ये, लगेच ये. स्वतःला बोल लावत बसू नकोस, तेवढा वेळ नाही आपल्याकडे. आणि आल्यावर तो मेसेज खोटा होता, असं चुकूनही बोलू नकोस. काढा कसा लागतो ते विचार, हवं तर स्वतःच्या हातानं करून दे. रोज सकाळी कप रिकामा करून ते मला म्हणतात, पोरीनं वाचवलं मला.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई