वाळूचे लाडू

मुर्धा, शनिवार संध्याकाळ, मार्च १९९४

माझ्या शहाणपणाला काय म्हणावं! तीन आठवड्यांपूर्वी दारातल्या कुत्रीच्या पिल्लांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली, म्हणून वावडिंग दिलं. शेवयांसारखे जंत पडले. झाकलं की मिटलं, म्हणत ती सगळी घाण समोरच्या बांधकामाच्या वाळूत पुरली.

आज एकाचं पोट पुन्हा फुगलं. भाईंदरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. माझा पराक्रम ऐकून ते हसले नाहीत. "काका, जंत गेले, पण अंडी मातीत राहतात. दिसत नाहीत. मुलांच्या पोटात गेली तर अळ्या लिव्हरमध्ये, डोळ्यातसुद्धा जातात. त्या वाळूत कुणी खेळतं का?"

मी लाजेने नाही म्हणालो. का म्हणालो?

रिक्षा करून घर गाठलं. नात पिंकी वाळूवरच भातुकली मांडून बसलेली.

"आजोबा, लाडू घ्या. सहा केलेत."

ओल्या वाळूचे लाडू. ताटलीत पाचच.

"सहावा कुठाय गं?"

तिने वाळू लागलेले ओठ चाटले.

तीन वेळा चूळ भरवली. सूनबाई कामावरून येईलच. तिला सगळं सांगायचंय. आणि पिंकी म्हणतेय, "आजोबा, दातात अजून कचकचतंय."