तांबड्या रेघेखालचे नाव

प्रिय धाकट्या,

परमेश्वर तुला सुखी ठेवो. माझी प्रकृती उत्तम आहे. किरकोळ खोकला आहे, तो तुझ्या वहिनीला कळवू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

सेमिनरीने मला शंभर वर्षांचा इतिहास लिहिण्यास बोलावले आणि आता लिहू मात्र देत नाही. फादरपदाच्या दीक्षेपूर्वीच घरी परतलेल्यांच्या नावांवर प्रवेशवहीत तांबड्या रेघा ओढल्या आहेत. तीही नावे मी इतिहासात घेतली. रेक्टर हसून म्हणाले, "मास्तर, लग्न मोडलेल्यांची वरात कशाला काढता? फादर झाले तेवढे घ्या!"

त्यांत तुझेही नाव आहे. वडील वारले तेव्हा सेमिनरीतल्या सहाव्या वर्षी तू झगा उतरवून घरी आलास आणि कमावू लागलास, म्हणून माझे शिक्षण पूर्ण झाले.

मी हस्तलिखित उचलले आणि तणतणत खोलीवर आलो. तेथे मात्र माझा राग माझ्यावरच उलटला. "तुमचे बंधू सेमिनरीत होते ना?" असे विचारणाऱ्या प्रत्येकाला चाळीस वर्षे मी "छे, नव्हता" असेच सांगत आलो आहे. रेक्टरांच्या आधी ती रेघ मीच ओढली.

सर्व नावे छापली जातील, तरच हस्तलिखित देईन. तुझे नाव ठेवू ना? हो किंवा नाही, एवढेच कळव.

तुझा अपराधी,
थोरला